आयरिश कैद्यांचे काळे पाणी : वाचकांचे प्रश्न

ब्रिटिश सरकारने 1788 ते 1868 या काळात ऑस्ट्रेलियात धाडलेल्या कैद्यांवर गेल्या अंकात लेख होता. त्यात आयर्लंडचा भाग दोनच परिच्छेदांत आटोपला होता, म्हणून बरीचशी पत्रे त्याविषयीच आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : भुकेपोटी भाकरी चोरली तरी सात वर्षे काळे पाणी, असे सगळीकडे वाचायला मिळते. खरेच असे होते, की आयरिश कैद्यांतले बहुतेक जण इंग्रजांविरुद्धचे बंडखोर होते? (एक वाचक, सातारा)

दोन्ही चित्रे अर्धवट आहेत. ऑस्ट्रेलियात एकूण सुमारे 1,62,000 कैदी गेले. त्यांतले जवळजवळ 40,000 थेट आयर्लंडच्या बंदरांतून निघाले. थेट तिथून सुटलेले पहिले जहाज ‘क्वीन’ एप्रिल 1791 मध्ये कॉर्कहून निघून 26 सप्टेंबरला सिडनीला लागले. या 40,000 पैकी बहुतेकांवर चोरीचाच गुन्हा होता. खेड्यात गुरे, मेंढ्या, डुकरे आणि शहरात कपडे, भांडी, पैसे. प्रसिद्ध दरोडेखोर नेड केली याचे वडील जॉन केली टिपररीचे. दोन डुकरे चोरल्याबद्दल त्यांना सात वर्षे झाली आणि 1842 मध्ये ते व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियात उतरले. दोन डुकरे ऐकायला किरकोळ वाटतात. पण आयरिश कुळाच्या घरी वर्षाचा खंड भागायचा तो डुक्कर विकूनच. डुक्कर गेले की खंड थकला आणि खंड थकला की जमीन सुटली. कायदा कडक होता हे खरे, पण ज्याची डुकरे गेली तोही बहुधा गरीबच असे.

उघड राजकीय कैदी संख्येने थोडे. 1798 च्या उठावातले काही शे, 1848 च्या उठावातले सात पुढारी, आणि 1868 मध्ये शेवटच्या ‘हूगमाँट’ जहाजातून आलेले 62 फेनियन (आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या गुप्त संघटनेचे लोक). खरी अडचण येते ती मधल्या गटाची. खंडवाढ, जमिनीवरून हकालपट्टी आणि प्रोटेस्टंट चर्चसाठी कॅथलिक कुळांकडून वसूल होणारा दशमांश यांविरुद्ध गावोगाव गुप्त टोळ्या होत्या. त्या जमीनदाराच्या माणसाचे घर जाळत, जनावरे जायबंदी करत, धमकीची पत्रे चिकटवत. 1822 च्या बंडखोरीविरोधी कायद्याने ‘अशांत’ जाहीर झालेल्या भागात सूर्यास्तानंतर विनाकारण घराबाहेर सापडणे हाच गुन्हा ठरला. ज्यूरी नाही, थेट सात वर्षे. अशा माणसाला दफ्तरात साधा गुन्हेगार म्हटले आहे, तेव्हा नुसत्या गुन्ह्याच्या रकान्यावरून बंडखोर किती होते हे मोजायला जाऊ नये.

दुष्काळाच्या वर्षांत (1845 नंतर) आणखी एक प्रकार दिसतो. काही जणी गवताची गंजी पेटवून स्वतःच पोलिसांच्या हवाली झाल्या. तुरुंगात अन्न मिळे आणि हद्दपारीत निदान जगण्याची शक्यता होती.

प्रश्न : शिक्षा झाल्यापासून जहाज लागेपर्यंत काय होत असे? प्रवासात फार माणसे मरत का? (दोन वाचक, पुणे व बेळगाव)

सात वर्षे, चौदा वर्षे किंवा जन्मठेप, शिक्षा सुनावली की कैदी आधी जिल्ह्याच्या तुरुंगात राही. तिथून बेड्या घालून, शिपायांच्या पहाऱ्यात, गाडीतून कॉर्क किंवा डब्लिनकडे. 1820 च्या दशकात तिथे जुनी जहाजे नांगरून त्यांचेच तुरुंग केले होते : कॉर्कच्या बंदरात ‘सरप्राइज’ आणि डब्लिनजवळ किंग्जटाउनला ‘एसेक्स’. 1847 पासून कॉर्क बंदरातले स्पाइक बेट हे मोठे ठाणे झाले. स्त्रियांसाठी 1836 पासून डब्लिनचा ग्रँजगॉर्मन तुरुंग होता. जहाज भरेपर्यंत महिनोन्‌महिने जात, आणि जिल्ह्याच्या तुरुंगातून आलेला ताप किंवा हगवण इथेच पसरे. जहाजावर दगावलेल्यांपैकी बरेच जण आजार घेऊनच चढलेले असत.

जहाजात कैद्यांची जागा मधल्या मजल्यावर. झोपायला सहा फूट लांब-रुंद फळी, त्यावर चौघे. माणशी अठरा इंच. जेवणासाठी सहा-सहा जणांची पंगत ठरवून दिलेली, एकाने सहा जणांचा शिधा आणायचा. खारवलेले मांस, वाटाणे, कडक बिस्किट. ताजे अन्न संपले की स्कर्व्ही टाळायला रोज थोडा लिंबूरस साखर घालून, तोही डॉक्टरसमोर उभे राहून प्यायचा, कारण कैदी तो एकमेकांना विकत. हा मजला पाण्याने धुवायचा नाही, कोरडाच घासायचा, कारण ओल राहिली की ताप आलाच. अंथरुणे उन्हात टाकायची. वादळात झडपा बंद झाल्या की हे सगळे थांबे आणि आठवडाभरात आजारी माणसांची रांग लागे.

माणसे किती मरत हे साल बघून सांगावे लागते. नोव्हेंबर 1801 मध्ये कॉर्कहून सुटलेली ‘हर्क्युलिस’ आणि ‘अ‍ॅटलस’ ही सगळ्यात वाईट उदाहरणे. ‘हर्क्युलिस’वर कैद्यांनी उठाव केला आणि त्यात चौदा जण मारले गेले. ‘अ‍ॅटलस’वर साठांहून अधिक मेले, आणि तिथे उठाव नव्हता. कप्तानाने विक्रीसाठी स्वतःचा माल, त्यातही पिंपेच्या पिंपे दारू, इतकी भरली होती की कैद्यांच्या मजल्यावर हवा खेळायला जागा राहिली नाही. कैदी उतरवल्यावर जहाजे बहुधा चहासाठी कॅन्टनला किंवा माल भरायला बंगालला जात, आणि कप्तानाची खरी कमाई त्या व्यापारात असे. कैदी जिवंत पोहोचला काय किंवा न पोहोचला काय, त्याचे नुकसान नव्हते.

1814 मध्ये तीन जहाजे भयानक अवस्थेत सिडनीला आली. त्यांतले ‘थ्री बीज’ आयर्लंडचे होते. तिथले डॉक्टर विल्यम रेडफर्न यांनी त्यावर अहवाल दिला. (रेडफर्न स्वतः 1797 च्या आरमारी बंडात शिक्षा होऊन कैदी म्हणूनच आले होते.) त्यानंतर प्रत्येक जहाजावर सरकारचा डॉक्टर नेमला गेला. तो कप्तानाच्या हाताखाली नव्हता आणि कैदी धडधाकट उतरवण्यावर त्याचे मानधन ठरत असे. एवढ्या एका बदलाने मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. 1830 च्या दशकात प्रवास साधारण चार महिन्यांचा होता. खडकाशी मात्र डॉक्टरचेही चालत नाही. कॉर्कहून स्त्री कैदी घेऊन निघालेले ‘नेव्हा’ 13 मे 1835 रोजी किंग बेटाजवळ फुटले आणि दोनशेहून अधिक जण बुडाले. वाचले फक्त पंधरा.

प्रश्न : उतरल्यावर कैदी तुरुंगातच असायचे ना? मग शेतावर काम केल्याचे उल्लेख का येतात? (एक वाचक, कोल्हापूर)

तुरुंगात फार थोडे. ही वसाहतच मोठ्या तुरुंगासारखी होती, भिंतीची गरज नव्हती. जहाज लागले की अधिकारी वर येऊन एकेकाला नाव, वय, धर्म, धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, व्रण, गोंदण असे सगळे विचारून लिहून घेई. धंद्याच्या रकान्यात काय लिहिले जाते यावर पुढची वर्षे ठरत. सुतार, लोहार, गवंडी सरकार स्वतःकडे ठेवी. सिडनीत अशांसाठी 1819 मध्ये हाइड पार्क बराक उघडली. ‘शेतमजूर’ लिहिलेला माणूस, आणि आयरिश कैदी बहुतेक तेच, अर्ज करणाऱ्या जमीनमालकाकडे जाई. आपण सुतार आहोत असे खोटे सांगणारे पहिल्याच आठवड्यात उघडे पडत. उलट खरा कारागीर कधीकधी हुन्नर लपवी, कारण सरकारी कामापेक्षा लांबच्या मळ्यावर मोकळीक जास्त.

मालकाने पगार द्यायचा नाही, शिधा आणि कपडे द्यायचे. 1830 च्या दशकात न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या वसाहतीत, नियमाने आठवड्याला 12 रत्तल गहू किंवा 9 रत्तल पीठ, 7 रत्तल गाईचे अथवा मेंढीचे मांस, 2 औंस मीठ आणि 2 औंस साबण मिळे. (रत्तल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम.) गहू आणि पीठ यांतला फरक दळणाचा. गहू मिळाला तर दिवसाचे काम संपल्यावर लोखंडी हातजात्यावर दळत बसायचे, आणि त्याचा पाव राखेत भाजायचा. वर्षाला दोन डगले किंवा जाकिटे, तीन शर्ट, दोन विजारी, तीन जोड बूट, एक टोपी. एक घोंगडी आणि एक गादी मालकाची. चहा, साखर आणि तंबाखू नियमात नव्हते. तेच मालकाच्या हातातले हत्यार होते : काम बरे तर चहा, नाही तर बंद. मांस कागदावर मुबलक दिसते, आणि आयर्लंडच्या बटाट्यावर वाढलेल्या माणसाला ते मुबलक होतेही. तक्रारी येत त्या वजनात मारण्याच्या आणि सडक्या मांसाच्या.

मेंढपाळाचे काम सगळ्यात एकाकी. साधारण दोन-तीन मेंढपाळ आणि एक झोपडीवाला यांचे ठाणे असे. मेंढपाळांनी आपापला कळप पहाटे सोडून संध्याकाळी परत आणायचा, झोपडीवाल्याने स्वयंपाक करायचा, कुंपणाच्या फळ्या रोज नव्या जागी हलवायच्या आणि रात्री डिंगो कुत्र्यांवर नजर ठेवायची. फळ्या हलवल्या नाहीत तर चिखल-लेंड्यांत मेंढ्यांचे खूर सडतात. संध्याकाळच्या मोजणीत मेंढी कमी भरली की प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे.

इथे एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. मालकाला स्वतः फटके मारता येत नसत. त्याने तक्रार करायची आणि शिक्षा मॅजिस्ट्रेटने द्यायची. 1832 पासून एकट्या मॅजिस्ट्रेटला 50 च्या वर फटके देता येईनात. पण मॅजिस्ट्रेट म्हणजे शेजारचाच जमीनमालक. आज हा त्याच्या कैद्याचा न्याय करणार, उद्या तो याच्या. उलट बाजूने, फटके खाल्लेला किंवा बेड्यांच्या टोळीत गेलेला माणूस ऐन कापणीत कामाला मिळत नाही, म्हणून शहाणा मालक तक्रार टाळी. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी नॉरफोक बेट, मोर्टन बे, पोर्ट आर्थर अशी ठाणी होती. ती मात्र खरोखर नरक होती.

ही कुरणे कोणाची, हेही सांगितले पाहिजे. या मळ्यांखातर तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकले आणि मारले गेले, आणि ते करणाऱ्या हातांत कैद्यांचेही हात होते. 1838 च्या मायॉल क्रीक हत्याकांडात किमान 28 आदिवासी मारले गेले. त्यासाठी त्याच वर्षी 18 डिसेंबरला ज्या सात जणांना फाशी झाली ते सगळे कैदी किंवा माजी कैदी होते.

प्रश्न : सावरकरांच्या अंदमानातल्या हकिकतींत ‘तिकीट’ मिळण्याचा उल्लेख येतो. ऑस्ट्रेलियातले ‘तिकीट’ तेच का? (एक वाचक, नाशिक)

मूळ एकच. ऑस्ट्रेलियात सुरू झालेली पद्धत पुढे अंदमानात आली. फरक मुदतीचा. अंदमानात नियमाप्रमाणे साधारण दहा वर्षे काढल्यावर स्वतः कमावून खाण्याचे तिकीट मिळू शके. न्यू साउथ वेल्समध्ये वर्तणूक चांगली असेल तर सात वर्षांच्या कैद्याला चार वर्षांनी, चौदावाल्याला सहा आणि जन्मठेपवाल्याला आठ वर्षांनी ते मिळे. ही मुदत एकाच मालकाकडे काढलेली असली पाहिजे. मालक बदलले तर मुदत वाढे, म्हणून पुष्कळ जण वाईट मालकाकडेही दात-ओठ खात टिकून राहत.

तिकीट हा कागदच. त्यावर नाव, जहाज, साल, खटल्याचे ठिकाण, उंची, रंग, खुणा आणि कोणत्या तालुक्यात राहायचे ते. तो माणूस मग स्वतःची मजुरी स्वतः ठरवी आणि पैसे स्वतःच्या खिशात घाली. तालुका सोडायचा तर वेगळा परवाना. हजेरी चुकवली, दारू पिऊन सापडला, बेवारशी गुरे जवळ मिळाली, की तिकीट रद्द आणि पुन्हा मालकाच्या दारात. कागद हरवला किंवा घामाने फाटला तर दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा लागे, आणि तो येईपर्यंत रस्त्यात शिपायाने अडवले तर पळालेला कैदी म्हणून आत.

तिकीट, सशर्त माफी, संपूर्ण माफी आणि मुदत संपल्याचा दाखला ही चार वेगळी कागदपत्रे आहेत. सशर्त माफीने माणूस मोकळा होई, पण मायदेशी परतता येत नसे. मुदत संपल्याचा दाखला सात आणि चौदा वर्षांच्या कैद्यांना. जन्मठेपवाल्याची मुदत संपतच नाही, त्याला माफीच लागे. आयरिश कैद्यांना या बाबतीत सुरुवातीला फार भोगावे लागले. त्यांच्या जहाजांबरोबर शिक्षेचे कागद बऱ्याचदा यायचेच नाहीत, वर्षे उलटल्यावर येत. सात वर्षे भरली असे कैदी म्हणे, पण कचेरीत पुरावा नसे. काम तसेच चालू. सुरुवातीच्या काळातल्या आयरिश असंतोषाचे हे मोठे कारण होते, आणि ते फटक्यांइतके बोलले जात नाही.

प्रश्न : मागे राहिलेल्या बायका-मुलांचे काय होई? (एक वाचक, रत्नागिरी)

पत्राला जायला चार ते सहा महिने, म्हणजे उत्तराला वर्ष. त्यातही लिहिता येणारे कमी, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला कुटुंब सरकारी खर्चाने बोलावता येई. अर्ज गव्हर्नरकडे, सोबत मालकाची आणि मॅजिस्ट्रेटची शिफारस आणि कुटुंबाला पोसू शकेन याची खात्री. यादी लंडनमार्गे डब्लिनला जाई, आणि बायको-मुले बहुधा स्त्री कैद्यांच्याच जहाजातून येत. घोटाळा व्हायचा तो पत्त्याचा. गावाचे नाव कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले, त्यात दुष्काळात कुटुंब गाव सोडून गेलेले.

वसाहतीत लग्न करायला गव्हर्नरची परवानगी लागे आणि आधीचा जोडीदार वारल्याचा पुरावा. म्हणून कागदोपत्री अविवाहित म्हणवणारा प्रत्येक जण अविवाहित होता असे धरू नये.

प्रश्न : कोणी पळून गेले का? (तीन वाचक)

पुष्कळांनी प्रयत्न केला. ‘क्वीन’मधून आलेले वीस पुरुष आणि एक गरोदर स्त्री 1791 च्या नोव्हेंबरमध्ये चीन उत्तरेला शंभरेक मैलांवर आहे अशा समजुतीने रानात शिरली. हसण्यासारखी गोष्ट नाही. नकाशा कोणी दाखवला नव्हता, आणि सिडनीहून जहाजे चीनला जातात हे तर खरेच होते. 4 मार्च 1804 रोजी सिडनीजवळच्या कॅसल हिलला दोनशेहून अधिक कैदी फिलिप कनिंगहॅमच्या पुढारीपणाखाली उठले. बोलणी करायला पुढे आलेल्या पुढाऱ्यांना मेजर जॉन्स्टनने पिस्तूल रोखून धरले आणि उठाव दुसऱ्याच दिवशी मोडला. त्या रागात, वर्षापूर्वीच परवानगी मिळालेली कॅथलिक प्रार्थनाही बंद झाली.

जमलेले पलायन 1876 चे. पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलच्या तुरुंगात मागे राहिलेले फेनियन मुख्यतः ब्रिटिश सैन्यातले होते. नागरी फेनियनांना माफी मिळाली, सैनिकांना नाकारली गेली. अमेरिकेतल्या आयरिशांनी वर्गणी काढून ‘कॅटाल्पा’ हे देवमासे मारणारे जहाज घेतले. 17 एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, बाहेर कामावर असलेले सहा जण घोडागाडीने रॉकिंगहॅमच्या किनाऱ्याला आणि तिथून होडीने समुद्रात गेले. ‘जॉर्जेट’ या सशस्त्र आगबोटीने गाठले तेव्हा ‘कॅटाल्पा’चा कप्तान अँथनी याने अमेरिकेचे निशाण दाखवून सांगितले की गोळी झाडाल तर ती अमेरिकेवर. आगबोट परत फिरली.

एका वाचकाने विचारले आहे की सेल्युलर जेलचा जेलर बारी आयरिश असून राजबंद्यांशी असा कसा वागला. आयर्लंडने साम्राज्याला कैदी दिले तसे शिपाई आणि तुरुंगाधिकारीही भरपूर दिले. कॅसल हिलच्या बंडखोरांवर चालून गेलेल्या पलटणीतही आयरिश होतेच.

प्रश्न : मुलगी मेलबर्नला शाळेत आहे. एका आयरिश कैद्याचा शोध घेण्याचा प्रकल्प दिला आहे. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, मेलबर्न)

नावापासून नको, जहाजापासून करा. वसाहतीच्या दफ्तरात कैदी आयुष्यभर ‘अमुक, तमुक जहाजाने आलेला’ असाच ओळखला जाई. एकाच जहाजात दोन जॉन मर्फी सहज असत. (जहाजांची नावेही गमतीची. विकलोचा बंडखोर मायकेल ड्वायर 1806 मध्ये आला तो ‘टेलिचेरी’ नावाच्या जहाजातून, म्हणजे मलबारातले तलश्शेरी.) टास्मानियाचा कैदी निवडलात तर काम सोपे. तिथल्या राज्य ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वर्तणुकीच्या वह्या फुकट बघता येतात, आणि प्रत्येक गुन्हा, तारीख, शिक्षा एका पानावर मिळते. न्यू साउथ वेल्ससाठी 1828 ची जनगणना बघा. त्यात नावापुढे खुणा आहेत : ‘सी.एफ.’ म्हणजे स्वतंत्र आलेला, ‘बी.सी.’ वसाहतीत जन्मलेला, ‘जी.एस.’ सरकारचा कैदी-नोकर, ‘टी.एल.’ तिकीटवाला, ‘एफ.एस.’ मुदत भरून सुटलेला.

आयर्लंडची बाजू त्यांच्या राष्ट्रीय दफ्तराच्या मोफत यादीत मिळते. मात्र 1922 मध्ये डब्लिनच्या सरकारी दफ्तराला आग लागली आणि 1836 च्या आधीची हद्दपारीची रजिस्टरे गेली. त्याआधीचा माणूस सापडतो तो बहुधा त्याने किंवा घरच्यांनी माफीचा अर्ज केला असेल तरच. आडनावाचा ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळूनही शोधा. खटल्याचे ठिकाण आणि जन्मगाव वेगळे असू शकते. लिव्हरपूलला शिक्षा झालेला आयरिश माणूस इंग्लंडच्या यादीत असतो. खटला हिंदुस्थानातला दिसला तर चूक समजू नका, इथल्या गोऱ्या पलटणींतले शिपाई लष्करी न्यायालयात दोषी ठरून सिडनीला धाडले जात, आणि त्यांतही आयरिश होते. वयावर विसंबू नका, जहाजावरचे वय आणि तिकिटावरचे वय पाच वर्षांनीही चुकते. उंची आणि गोंदण जुळते का ते आधी पाहा.